संतश्रेष्ठ श्री गोरोबाकाका : जीवनचरित्र

॥ श्री विठ्ठल-रुक्मिणी प्रसन्न ॥

महाराष्ट्राच्या वारकरी परंपरेत जवळजवळ प्रत्येक व्यवसायाने आपला एक संत दिला आहे. शिंप्याच्या घरी नामदेव झाले, माळ्याच्या मळ्यात सावतोबा झाले, सोनाराच्या दुकानी नरहरी झाले, न्हाव्याच्या घरी सेनामहाराज झाले आणि कुंभाराच्या चाकावर गोरोबाकाका झाले. या संतांनी देवासाठी आपला धंदा सोडला नाही. वाडवडिलांकडून जे काम हाती आले तेच त्यांनी विठ्ठलाच्या चरणी वाहिले. श्री संत गोरोबाकाकांचे चरित्र या दृष्टीने विशेष मननीय आहे. त्यांच्या जीवनातील प्रत्येक मोठा प्रसंग माती, चाक, हात आणि मडके यांच्याभोवतीच घडला आहे. देवालाही त्यांच्या घरी यावयाचे झाले तेव्हा तो कुंभार होऊनच आला, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

श्री क्षेत्र तेर

गोरोबाकाकांची जन्मभूमी, कर्मभूमी व समाधिभूमी असलेले तेर हे गाव धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसलेले आहे. (हा जिल्हा पूर्वी उस्मानाबाद या नावाने ओळखला जात असे. २०२३ मध्ये त्याचे नाव धाराशिव झाले.) आज लहान दिसणारे हे गाव एके काळी दक्षिणापथातील नामांकित नगर होते. त्याचे प्राचीन नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक प्रवाशाने लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या ग्रंथात तगर नगराचा उल्लेख आला आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे नगर असून येथील कापड व अन्य माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात नेला जात असे, असे त्यावरून समजते. पुढे शिलाहार राजे आपण तगरपुराचे स्वामी आहोत असे बिरूद अभिमानाने लावीत असत.

या भूमीत झालेल्या उत्खननांत सातवाहन काळातील खापरे, मातीची भांडी, दिवे आणि भाजक्या मातीच्या सुबक मूर्ती मोठ्या संख्येने मिळाल्या. पांढऱ्या मातीच्या, दुहेरी साच्यांत घडविलेल्या लहान मूर्ती हे तर तेरचे वैशिष्ट्यच मानले जाते. यावरून असे दिसते की, गोरोबाकाकांच्या जन्मापूर्वी हजार वर्षांहून अधिक काळ तेरणेकाठची माती कुंभारांच्या हातून आकार घेत होती. ज्या गावाच्या मातीतच मडके घडविण्याची विद्या मुरलेली होती, त्या गावी कुंभाराच्या कुळात हा महात्मा जन्मास आला.

जन्म व घराणे

परंपरेनुसार गोरोबाकाकांचा जन्म शके ११८९, म्हणजे इ.स. १२६७ मध्ये झाला. तो देवगिरीच्या यादवांचा काळ होता. वडिलांचे नाव माधवबुवा व आईचे नाव रुक्मिणी असे सांगितले जाते. माधवबुवा हे गावातील काळेश्वराचे व पांडुरंगाचे निस्सीम भक्त होते. कुंभारकाम करून प्रपंच चालवावा आणि सायंकाळी भजनात बसावे, असा त्यांचा नेम होता.

या घराण्यावर एक मोठे दुःख होते. माधवबुवांना आठ अपत्ये झाली, परंतु एकही जगले नाही. बलुत्याच्या धंद्यात घर हीच पाठशाळा असते. बापाच्या शेजारी बसून मुलगा चाक शिकतो आणि पुढे त्याच चाकावर आपल्या मुलास बसवितो. मूल नसेल तर केवळ वंशच खुंटत नाही, हातातली विद्याही खुंटते. परंपरा असे सांगते की, माधवबुवांची ही व्यथा जाणून पांडुरंग ब्राह्मणवेषाने त्यांच्या घरी आले. मुले पुरलेल्या जागी त्यांस नेण्यात आले. देवाने सात बालकांस सद्गती दिली व आठव्यास जिवंत करून मातापित्यांच्या हाती दिले. गोरीतून म्हणजे पुरलेल्या जागेतून निघाला म्हणून या बालकाचे नाव गोरा ठेवण्यात आले. मातीतून परत आलेल्या या मुलाने पुढे आयुष्यभर मातीचीच सेवा केली.

निवृत्तिनाथांहून सहा वर्षांनी, ज्ञानदेवांहून आठ वर्षांनी आणि नामदेवांहून तीन वर्षांनी गोरोबा वडील होते. वयाने व अधिकाराने वडील म्हणून संतमंडळी त्यांना काका म्हणू लागली. आजही सारा महाराष्ट्र त्यांना याच घरगुती नावाने ओळखतो.

वाडवडिलांची विद्या

गोरोबांनी वडिलांकडून कुंभारकाम शिकून घेतले. हे काम दिसते तितके सोपे नाही. चांगली चिकण माती निवडून आणावी लागते. ती वाळवून, कुटून, चाळून घ्यावी लागते. तीत राख व लीद योग्य प्रमाणात मिसळून पाणी घालून ती मुरत ठेवावी लागते. नंतर तो चिखल पायांनी तासन् तास तुडवावा लागतो. त्यात एक बारीक खडा राहिला किंवा हवेचा बुडबुडा अडकला तरी आव्यात मडके तडकते. म्हणून तुडविणे हे कुंभारकामातील सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत महत्त्वाचे काम होय.

तयार मातीचा गोळा चाकाच्या मध्यावर ठेवून, दांड्याने चाकास गती देऊन दोन्ही हातांनी भांडे वर उचलले जाते आणि दोऱ्याने खालून कापून घेतले जाते. त्या वेळी ते जाड व ओबडधोबड असते. थोडे सुकल्यावर आतून गुंडा धरून बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत त्यास गोल व पातळ करतात. आतला हात आधार देतो आणि बाहेरचा हात घाव घालतो. असे हे दोन हातांचे काम आहे. त्यानंतर सावलीत वाळवून, गोवऱ्या, भुसा व पालापाचोळा यांच्या थरांत भांडी रचून आवा पेटविला जातो. आवा उघडल्यावर प्रत्येक मडके वाजवून पाहतात. पक्के भाजलेले मडके खणखणीत वाजते, कच्चे राहिलेले भद्द आवाज देते. कुंभाराचा कान हा आवाज क्षणात ओळखतो.

गावगाड्यात कुंभाराचे स्थान मोठे होते. पाण्याची घागर, धान्याचा रांजण, दुधादह्याची गाडगी, देवापुढची पणती, संक्रांतीची सुगडे, नवरात्राचा घट, लग्नातील ऐरणीची मडकी आणि शेवटच्या यात्रेतील मडके हे सारे कुंभाराच्या घरून येई. त्याबद्दल खळ्यावर धान्याच्या रूपाने बलुते मिळत असे. जन्मापासून मरणापर्यंत गावाचे ज्याच्यावाचून अडते असे हे काम गोरोबा मुखाने विठ्ठलनाम घेत करीत असत. हात मातीत आणि चित्त पंढरीत, अशी त्यांची स्थिती होती.

चिखलातील बालक

गोरोबांचा विवाह संती नावाच्या कुलीन कन्येशी झाला. तीही देवभोळी होती. कालांतराने त्यांस एक पुत्र झाला. माधवबुवांच्या घराण्यातील हे चाक आता पुढच्या पिढीकडे जाणार याचे सर्वांस समाधान वाटले. मूल रांगू लागले होते.

एके दिवशी गोरोबा अंगणात चिखल तुडवीत होते. संती बाळास अंगणात ठेवून, त्यावर लक्ष ठेवण्यास पतीस सांगून पाण्यास गेली. गोरोबांनी भजन आरंभिले. नामाच्या रंगात देहभान हरपले. डोळे मिटलेले, मुखी विठ्ठल आणि पाय मात्र लयीत चिखलात पडत होते. बाळ रांगत रांगत पित्याकडे आले आणि चिखलात शिरले. पित्यास काहीच कळले नाही. ते मूल मातीबरोबर तुडविले गेले.

पाण्याची घागर घेऊन आलेल्या संतीने अंगणात पाहिले, बाळ दिसेना. चिखल लाल झालेला पाहून तिच्या काळजाचा ठाव सुटला. तिने हंबरडा फोडला. कथेने या आईचा आक्रोश कोठेही झाकलेला नाही. तिने पतीस दूषणे दिली, त्यांच्या भजनास दोष दिला आणि विठ्ठलासही बोल लावला. समाधी भंगलेल्या गोरोबांना विठ्ठलाची निंदा सहन झाली नाही. आपल्या हातून काय घडले हे उमजण्याआधीच ते काठी घेऊन तिच्यावर धावले. तेव्हा संतीने त्यांना विठ्ठलाची शपथ घालून आपल्या अंगास हात न लावण्यास बजावले.

गोरोबा जागच्या जागी थांबले. काठी गळून पडली. ज्या विठ्ठलासाठी ते धावले होते त्याच विठ्ठलाची आण आता आडवी आली होती. त्या क्षणापासून त्यांनी पत्नीस स्पर्श न करण्याचा नेम धरला.

हा प्रसंग अनेक भाविकांस व्याकुळ करतो. भक्तीत देहभान हरपणे ही मोठी अवस्था आहे, पण तिची किंमत एका निष्पाप जिवाने दिली, हे संतचरित्र लपवून ठेवत नाही. गोरोबांचे पुढील सारे आयुष्य या एका दिवसाच्या भाराखाली गेले आणि त्या भारातूनच त्यांची भक्ती भाजून पक्की झाली.

शपथ व तिचे पालन

दिवस गेले, महिने गेले. संतीचा राग ओसरला, परंतु गोरोबांचा नेम ढळला नाही. घरात बोलणे-चालणे होते, काम होते, भजन होते, पण संसार उरला नव्हता. वंश पुढे कसा चालणार, चाकावर कोण बसणार, या चिंतेने संती व्याकुळ झाली. अखेर तिने आपल्या वडिलांस गळ घालून आपली धाकटी बहीण रामी हिचा विवाह गोरोबांशी करून दिला. निरोप देताना सासऱ्यांनी जावयास, दोघी बहिणींस सारखेच वागवावे, असे सांगितले. गोरोबांनी ते शब्द अक्षरशः पाळले. जी शपथ संतीस तीच रामीस, असे मानून त्यांनी रामीसही कधी स्पर्श केला नाही.

दोघी बहिणी हताश झाल्या. एके रात्री गोरोबा निजले असता दोघी दोन्ही बाजूंस निजल्या आणि त्यांचे हात उचलून आपल्या अंगावर ठेवले. पहाटे जाग येताच गोरोबांस कळले की आपल्या हातांनी विठ्ठलाची आण मोडली. त्यांनी दोष बायकांना दिला नाही, हातांनाच दिला. शस्त्र घेऊन त्यांनी आपले दोन्ही हात तोडून टाकले.

कुंभाराने हात तोडणे याचा अर्थ काय हे वेगळे सांगणे नको. आतून आधार देणारा हात गेला, बाहेरून घडविणारा हात गेला. चाक थांबले, आवा विझला, घरात अन्नाची भ्रांत पडली. पुत्र गेला होता, आता विद्याही गेली. माधवबुवांच्या घराण्याची परंपरा येथेच संपली असे गावाला वाटले.

विठू कुंभार

भक्ताचे चाक थांबलेले पाहून भक्तवत्सल पांडुरंगास राहवले नाही. परंपरा सांगते की, देव कुंभाराचे रूप घेऊन तेरला आले व गोरोबांच्या घरी चाकरीस राहिले. त्यांनी आपले नाव विठू कुंभार असे सांगितले. बरोबर रुक्मिणीमाता गृहिणीच्या वेषाने आली व घरकामास लागली. गरुडाने गाढवाचे रूप घेऊन माती वाहिली. विठूने माती तुडविली, चाक फिरविले, मडकी घडविली, आवा लावला. त्याच्या हातच्या भांड्यांस बाजारात मागणी येऊ लागली. गोरोबांच्या घरी पुन्हा धान्य येऊ लागले.

ज्याने हे विश्व घडविले त्याने मातीचे गाडगे घडविण्यात कमीपणा मानला नाही, हा या कथेचा आशय आहे. अठराव्या शतकातील संतचरित्रकार महिपती यांनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या भक्तविजय या ग्रंथात गोरोबांचे चरित्र सविस्तर सांगितले आहे. गावोगावी त्या ग्रंथाच्या वाचनामुळे ही कथा घरोघरी पोहोचली.

आषाढीचे कीर्तन

आषाढी एकादशी जवळ आली. गोरोबा दोघी पत्नींसह पंढरीस निघाले. तेथे चंद्रभागेच्या वाळवंटात नामदेवांचे कीर्तन उभे होते. ज्ञानदेवादी संत श्रोत्यांत बसले होते. नामाचा गजर टिपेस पोहोचला आणि सर्वांनी हात उंचावून टाळी वाजवावी असे नामदेवांनी सांगितले. गोरोबांस हात नव्हते. तरीही भावावेशात त्यांनी आपले थोटे बाहू वर उचलले. तोच त्यांस पूर्ववत हात फुटले व ते टाळी वाजवू लागले.

संतीने हे पाहिले आणि तिच्या मनातील सारे दुःख उसळून आले. तिने आपल्या बाळासाठी पांडुरंगास करुणा भाकली. पूर्वी ज्या विठ्ठलास तिने बोल लावला होता त्याच्याच पायाशी ती आता उभी होती. तेव्हा त्या गर्दीतून एक बालक रांगत येताना दिसले. तिचेच बाळ ते. आईने त्यास उराशी धरले. देवाने गोरोबांस शपथेतून मुक्त करून दोघी पत्नींचा स्वीकार करण्यास सांगितले. तेरच्या घरी चाक पुन्हा फिरू लागले आणि त्याच्या शेजारी पुढची पिढी खेळू लागली.

कच्चे व पक्के मडके

गोरोबाकाकांच्या चरित्रातील दुसरा प्रसिद्ध प्रसंग संतमेळ्याचा आहे. ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये आळंदीस समाधी घेतली, त्यापूर्वीच्या काळातील हा प्रसंग होय. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताबाई, नामदेव आदी संत तेरला गोरोबांच्या घरी एकत्र आले. अंगणात पंगत बसली, भजन झाले, गोष्टी निघाल्या. मुक्ताबाईंचे लक्ष कोपऱ्यात पडलेल्या थापटण्याकडे गेले. हे कशासाठी, असे त्यांनी काकांना विचारले. मडके घडविण्यास व पक्के की कच्चे ते पाहण्यास याचा उपयोग होतो, असे काकांनी सांगितले. माणूसही मातीचेच मडके आहे, तर येथे जमलेल्यांपैकी कोण पक्के आणि कोण कच्चे ते काकांनी पाहावे, असे मुक्ताबाईंनी सुचविले.

काकांनी थापटणे हाती घेतले आणि एकेका संताच्या मस्तकावर हलकेच थापटून पाहू लागले. कोणी हूं की चूं केले नाही. नामदेवांची पाळी आली तेव्हा मात्र त्यांस तो अपमान वाटला. साक्षात विठ्ठल आपल्याशी बोलतो, आपल्या हातचा नैवेद्य खातो, मग ही परीक्षा कशासाठी, अशा विचाराने ते रुसले. काकांनी निर्णय दिला की, सर्व मडकी भाजली आहेत, एवढे एक कच्चे राहिले आहे. मुक्ताबाईंनी त्यास दुजोरा दिला.

नामदेव दुखावले गेले व पंढरीस जाऊन त्यांनी विठ्ठलाजवळ गाऱ्हाणे केले. परंतु विठ्ठलानेही काकांचाच निर्णय उचलून धरला. गुरूवाचून ज्ञान नाही आणि अहंकार भाजून निघाल्यावाचून भक्तीस पक्केपणा नाही, हे जाणून नामदेव देवाच्या सांगण्यावरून विसोबा खेचरांकडे गेले. औंढ्या नागनाथाच्या देवळात विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजले होते. त्यांचे पाय जेथे उचलून ठेवावे तेथे नामदेवांस शिवलिंग दिसू लागले. ईश्वर सर्वत्र आहे हा बोध त्यांस झाला व त्यांनी विसोबांचे शिष्यत्व पत्करले.

या परीक्षेचे फळ फार मोठे होते. नामदेव पुढे उत्तरेत पंजाबपर्यंत गेले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. तेरच्या अंगणात कच्चे ठरलेले मडके आव्यातून असे पक्के होऊन निघाले.

काकांचा हा निर्णय कठोर होता, पण त्यात मत्सराचा लेशही नव्हता. कच्चे मडके कुंभार फेकून देत नाही. त्यास पुन्हा आव्यात लावतो. शिवाय असा निर्णय देण्याचा अधिकार काकांना फुकट मिळाला नव्हता. पुत्रशोक, शपथ आणि हातांची आहुती यांतून स्वतः भाजून निघाल्यावरच त्यांच्या कानाला हा आवाज ओळखता आला, असा या दोन कथांचा एकत्रित अर्थ भाविक लावतात.

अभंगरचना व उत्तरकाळ

गोरोबाकाकांच्या नावावर सुमारे २० अभंग उपलब्ध आहेत. संख्येने ते थोडे असले तरी अनुभवाने सघन आहेत. सगुण विठ्ठलाच्या प्रेमातून निर्गुणाच्या अनुभवाकडे झालेला प्रवास त्यांत दिसतो. काही अभंग नामदेवांस उद्देशून आहेत. ज्यास एकदा कच्चे म्हटले त्याच्यापाशीच काकांनी आपला अंतरीचा अनुभव उघड केला, यावरून दोघांमधील जिव्हाळा कळून येतो.

काकांचा उत्तरकाळ सोपा नव्हता. ज्ञानदेवांच्या पाठोपाठ सोपानदेव, मुक्ताबाई व निवृत्तिनाथ ही भावंडे थोड्याच अवधीत समाधिस्थ झाली. ज्यांना अंगणात थापटून पाहिले त्या धाकट्या संतांच्या मागे काका आणखी वीस वर्षे राहिले. त्याच काळात अलाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली आणि पुढे यादवांचे राज्य लयास गेले. राज्ये बदलली, परंतु गावाला घागर लागतच होती आणि तेरणेकाठी नामाचा गजरही चालू होता.

समाधी

शके १२३९, चैत्र वद्य त्रयोदशीस, म्हणजे इ.स. १३१७ मध्ये गोरोबाकाका तेर येथे समाधिस्थ झाले. तेरणा नदीच्या काठी काळेश्वर मंदिराजवळ त्यांचे समाधिमंदिर आहे. ज्या काळेश्वराची सेवा माधवबुवांनी केली त्याच्या शेजारीच पुत्राची समाधी असावी, हा योग लक्षात घेण्याजोगा आहे.

ही तिथी उन्हाळ्यात येते. पाण्याच्या मडक्यांची मागणी तेव्हा सर्वाधिक असते. त्रयोदशीनंतर थोड्याच दिवसांत अक्षय्य तृतीया येते आणि घरोघरी पितरांच्या नावे पाण्याने भरलेला मातीचा घट दान दिला जातो. कुंभाराच्या घरी सर्वांत अधिक काम असलेल्या दिवसांतच काकांचे पुण्यस्मरण होते.

कुंभार समाज व गोरोबाकाका

महाराष्ट्रातील कुंभार समाज गोरोबाकाकांना आपल्या कुळाचे आराध्य मानतो. चाक फिरविण्याची विद्या बापाकडून मुलाकडे आणि थापटण्याचा हात सासूकडून सुनेकडे, अशी ही परंपरा शेकडो वर्षे अखंड चालत आली. कुंभारघरातील स्त्रियांचा वाटा यात मोठा आहे. माती चाळणे, भांडी सुकविणे, लेप देणे, आवा रचणे आणि बाजारात विक्री करणे ही कामे त्या करीत आल्या आहेत. गोरोबांच्या घरी रुक्मिणीमाताही कामास लागली होती, याचे स्मरण या ठिकाणी होते.

विसाव्या शतकात तांब्यापितळेच्या, पुढे स्टीलच्या व प्लॅस्टिकच्या भांड्यांनी मातीच्या भांड्यांची जागा घेतली. बलुत्याची पद्धत मोडली, मातीही सहज मिळेनाशी झाली. अनेक घरांतील चाके थांबली. तरीही दिवाळीची पणती, संक्रांतीचे सुगड, नवरात्राचा घट, पोळ्याचे बैल आणि उन्हाळ्यातील माठ यांसाठी आजही कुंभाराच्याच दारी जावे लागते. काही घरांत विजेवर चालणारे चाक आले आहे. साधने बदलली तरी मातीतला खडा बोटांनीच शोधावा लागतो आणि मडके वाजवूनच पाहावे लागते.

काकांची कीर्ती महाराष्ट्राबाहेरही पसरली आहे. त्यांच्या जीवनावर १९४८ मध्ये तमिळ भाषेत चक्रधारी, १९७४ मध्ये कन्नड भाषेत भक्त कुंभार आणि १९७७ मध्ये तेलुगू भाषेत चक्रधारी हे चित्रपट निघाले. त्यामुळे दक्षिणेतील भाविकांनाही ही कथा परिचयाची आहे.

दर्शनार्थी भाविकांसाठी

तेर हे धाराशिव शहरापासून सुमारे २० किलोमीटर अंतरावर आहे. समाधिमंदिर व काळेश्वर मंदिर यांचे दर्शन झाल्यावर गावातील काकांचे राहते घर भाविकांनी आवर्जून पाहावे. चिखल तुडविण्याचा प्रसंग याच ठिकाणी घडला, अशी श्रद्धा आहे. त्याखेरीज विटांनी बांधलेले प्राचीन त्रिविक्रम मंदिर प्रेक्षणीय आहे. ही वास्तू मूळची बौद्ध चैत्यगृह असावी, असे अभ्यासकांचे मत आहे. उत्तरेश्वर मंदिरही जुने व विटांचे आहे.

गावातील रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात प्राचीन तगर नगराचे अवशेष जतन केलेले आहेत. लामतुरे कुटुंबाने वर्षानुवर्षे जमविलेल्या संग्रहातून ते उभे राहिले. तेथील सातवाहनकालीन मडकी, दिवे व मृण्मूर्ती पाहताना काकांच्या पूर्वीच्या अनाम कुंभारांचे दर्शन घडते. कित्येक खापरांवर घडविणाऱ्याच्या बोटांच्या खुणा आजही स्पष्ट दिसतात.

चैत्र वद्य एकादशीपासून पुण्यतिथीचा उत्सव भरतो व त्रयोदशीस समाधी सोहळा होतो. त्या वेळी दिंड्या येतात, कीर्तन, भजन व अन्नदान होते. गोरोबांच्या घरी संतमेळ्यास जेवू घातले गेले, त्याच परंपरेने येथे येणाऱ्या वारकऱ्यांस जेवू घालणे ही काकांची सेवा मानली जाते. उन्हाचे दिवस असल्याने पाण्याची सेवा विशेष पुण्यप्रद समजली जाते. काकांच्या दारी आलेला वारकरी कुंभाराच्या माठातील गार पाणी पिऊन तृप्त व्हावा, यासारखी दुसरी पूजा नाही.

समाधीपुढे नतमस्तक होताना भाविकाने काकांच्या थापटण्याचे स्मरण ठेवावे. जे मस्तक तेथे टेकते त्याची परीक्षा काका आजही घेतात, अशी वारकऱ्यांची भावना आहे. नामदेवांसारख्या थोर भक्तासही कच्चेपण मान्य करावे लागले, मग सामान्यांनी ते मान्य करण्यात संकोच कशाचा? मान्य करणाऱ्यास काका परत पाठवीत नाहीत, पुन्हा आव्यात लावतात.

॥ श्री संत गोरोबाकाका महाराज की जय ॥
॥ रामकृष्णहरि ॥